शून्य जन्मदर, शून्य मृत्युदर

“मॅडम, आमच्याकडे कोणी मरतच नाही.”

कँटीनमधला चहा कधी संपत नाही म्हणून सांगावं, तशा सुरात प्रधान हे बोलले. आम्ही त्यांच्या कॉन्फरन्स रूममध्ये बसलो होतो. एसी एवढा, की मी ओढणी अंगभर गुंडाळून घेतली होती. समोरच्या भिंतीवर मोठा फलक होता: ‘झीरो फॅटॅलिटी’. त्याखाली पिवळ्या हेल्मेटमधला एक हसरा कामगार. तो मॉडेल होता, हे त्याच्या नखांवरून कळत होतं.

“कोणीच नाही?” मी विचारलं.

“गेल्या कित्येक वर्षांत एकही नाही. आणि जन्मही नाही. पुरुषांचा कॅम्प आहे ना!” प्रधान स्वतःच्या विनोदावर हसले. मग मराठीत, जरा आवाज उतरवून म्हणाले, “शिंदे मॅडम, आपण आपल्यातलेच. दोन्हीकडे शून्य टाका. पान कसं स्वच्छ दिसतं.”

प्रधान ठाण्याचे. एका मोठ्या ग्रुपचे एचआर आणि वेल्फेअर मॅनेजर. ग्रुपचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. बांधकाम, एसी, साफसफाई, सगळ्याला माणसं पुरवणं हा धंदा. माणसं ठेवायला कुवेतच्या दक्षिणेला, खैरानच्या रस्त्यापासून आत, वाळवंटात, एक कॅम्प. त्यात काही हजार कामगार. या ग्रुपला एका परदेशी कंपनीचं मोठं काम हवं होतं आणि परदेशी कंपनीची अट होती की तुमच्या कामगारांच्या तब्येतीचा रिपोर्ट बाहेरच्या कोणाकडून तरी करून आणा. तो बाहेरचा कोणीतरी म्हणजे आम्ही.

मी बायोस्टॅटिस्टिशियन आहे. हा शब्द ऐकला की लोक विचारतात, म्हणजे रक्त तपासता का? नाही. किती जन्मले, किती मेले, कशाने मेले आणि सांगणारा खरं बोलतोय का, एवढंच तपासते. कुवेतला येऊन बरीच वर्षं झाली. एका छोट्या हेल्थ कन्सल्टन्सीत नोकरी करते. आमचा बॉस मार्टिन इंग्लंडचा. समुद्राकाठच्या कुठल्याशा लहान गावातला.

या मार्टिनच्या केबिनमध्ये एक फ्रेम आहे. त्यात त्याच्या गावाच्या आरोग्य अहवालाचं एक पान, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. तिकडे तेव्हा प्रत्येक डिस्ट्रिक्टला एक मेडिकल ऑफिसर असे आणि तो दरवर्षी आपल्या भागाचा जन्मदर आणि मृत्युदर छापत असे. येणाऱ्या प्रत्येक क्लायंटला मार्टिन त्या पानाची गोष्ट ऐकवतो. गावाची हवा चांगली. म्हणून लंडनपासूनचे क्षयरोगी आणि म्हातारे तिथे हवापालटाला यायचे आणि तिथेच मरायचे. त्यामुळे कागदोपत्री ते गाव देशातलं सगळ्यात रोगट ठरायला लागलं. बोर्डिंग हाउसवाले घाबरले. शेवटी नियम असा झाला की माणूस मरतो कुठे ते बघायचं नाही, तो राहत कुठे होता ते बघायचं. लंडनच्या माणसाचा मृत्यू लंडनच्या खात्यात. पाहुण्यांचे मृत्यू वजा झाले, गाव पुन्हा निरोगी झालं.

“थोडक्यात, मृत्यूलाही घरचा पत्ता असतो,” असं म्हणून मार्टिन कॉफीचा घोट घेतो. क्लायंट खूश होतात.

प्रधानांचं शून्य घेऊन मी ऑफिसात परतले. मला शून्य या आकड्याचा भरवसा वाटत नाही. तो दोनच प्रकारे येतो. एक तर खरंच काही घडलेलं नसतं, नाहीतर कोणी मोजलेलं नसतं. दुसरा प्रकार फार जास्त आढळतो.

वाचकांसाठी इथे थोडं शिकवून घेते. मृत्युदर म्हणजे वर्षाला हजार माणसांमागे किती मेली. हिशेब सोपा आहे, म्हणूनच तो फसवायला सोयीचा. मी राहते बनेद अल-गारमध्ये. आमच्या बिल्डिंगमधली निम्मी माणसं रक्तदाबाच्या गोळ्या घेतात आणि उरलेली घ्यायला विसरतात. तिकडे जलीब अल शुयूखमध्ये एकेका खोलीत दाटीवाटीने तरुण कामगार राहतात. आता आमची बिल्डिंग आणि त्यांची बिल्डिंग यांचा नुसता मृत्युदर शेजारी मांडला तर जलीब आरोग्यधाम ठरेल आणि आम्ही स्मशान. म्हणून वयाचा हिशेब धरावा लागतो. तरुणांची तुलना तरुणांशी.

प्रधानांच्या कॅम्पात सगळे पुरुष, बहुतेक तरुण, येण्याआधी मेडिकल करून निवडून आणलेले. तिथे मृत्यू कमी असणारच. कॉलेजच्या हॉस्टेलला दीर्घायुष्याचं बक्षीस देण्यासारखं ते झालं. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. काही हजार माणसं, उंच परांच्या, कुवेतचा उन्हाळा, आणि इतक्या वर्षांत एकाच्याही हृदयाने त्रास दिला नाही? एकही पडला नाही, एकाला रस्त्यात गाडी लागली नाही? देवदूतांचा कॅम्प असता तरी एखादा पंख मोडून पडला असता.

मी प्रधानांना फोन केला. “आजारी पडलेल्यांचं काय होतं?”

“उपचार होतात. क्लिनिक आहे, सिस्टर आहे, डॉक्टर येऊन जातात.”

“आणि जास्त आजारी असतील तर?”

“मग त्यांना घरी पाठवतो. कुटुंबात असलेलं बरं असतं, मॅडम. ह्युमॅनिटेरियन एक्झिट. तिकीट आम्ही देतो.”

“घरी गेल्यावर ते बरे होतात का?”

प्रधान मनापासून गोंधळले असावेत. “इकामा कॅन्सल झाला की तो आमच्या हेडकाउंटमध्येच राहत नाही ना,” ते म्हणाले. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो संपला की माणूस कंपनीपुरता संपला. मग तो जगला काय आणि गेला काय.

मला आता कॅम्प बघायचा होता. प्रधानांनी स्वतःच्या गाडीतून नेलं. वाटेत कामगारांसाठी बांधलेलं क्रिकेट ग्राउंड, रोट्यांच्या भट्ट्या, वॉटर कूलर यांचं वर्णन ऐकवलं. ग्राउंड मी पाहिलं. त्यावर सिमेंटचे पाइप रचून ठेवले होते.

क्लिनिक म्हणजे दोन खोल्यांचं पोर्टा केबिन. तिथल्या सुनीता सिस्टर नांदेडच्या. मला पाहून त्यांचा चेहरा जरा उजळला, मग मागे प्रधान दिसले तसा उतरला. आतल्या कॉटवर पन्नाशीचा एक माणूस उठून बसला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट, पायाशी दोरीने बांधलेली बॅग. कपाळावर घाम. बाहेर उन्हाळा असला तरी आत एसी चालू होता.

“हे अन्वर परकार,” प्रधान म्हणाले. “आमचे जुने फोरमन. एसीच्या डक्टिंगमध्ये यांच्यासारखा माणूस नाही. घरी चाललेत.”

अन्वरभाई दापोलीकडचे. मराठी ऐकून खुलले. “सलाम बाई. काय नाय, जरा गॅस झालाय. पण नशीब बघा, कंपनीनं आपणहून रजा दिल्यानी! तिकीट पण दिल्यानी. एवढी वर्षं रजा मागून मागून चपला झिजल्या माझ्या. उद्याचा विमान आहे.”

ते बोलत होते आणि डाव्या हाताने छाती चोळत होते. मी सिस्टरांकडे पाहिलं. त्यांनी डोळ्यांनीच बाहेरच्या खोलीत यायला सांगितलं.

“मॅडम, तो गॅस नाही,” त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. “ईसीजी काढलाय मी. हार्ट अटॅक आहे. डॉक्टरांना फोटो पाठवला, ते म्हणाले ताबडतोब हॉस्पिटलला हलवा. पण हॉस्पिटलला पाठवायचं तर प्रधान सरांची परवानगी लागते. आणि सर म्हणायलेत, विमानात बसायला फिट आहे असं लिहा.”

“लिहिलंत?”

“नाही लिहिलं. पण किती वेळ नाही म्हणू? माझा इकामा बी त्यांच्याच हातात आहे.”

मी डॉक्टर नाही. पण अटॅक आलेल्या माणसाला विमानात बसवायचं नसतं, हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पर्समधून मोबाइल काढला आणि प्रधानांना म्हटलं, “मी ॲम्ब्युलन्स बोलावते.”

“मॅडम, एक मिनिट.” प्रधानांचा आवाज अजून गोडच होता. “तुम्ही रिपोर्ट करायला आलात. पेशंट तुमचा नाही. आणि गेटवर आमची सिक्युरिटी आहे, माझ्या परवानगीशिवाय ते गाडी आत सोडणार नाहीत. शिवाय त्यांना स्वतःलाच घरी जायचंय. विचारा हवं तर.”

आतून अन्वरभाईंचा आवाज आला. “हो हो, मना घरी जायचंय! हॉस्पिटल नको!”

“बघा,” प्रधान म्हणाले. “पेशंटची इच्छा.”

मला फार राग आला होता. पण इतकी वर्षं मॅनेजरांबरोबर काम करून एक कळलंय. त्यांना माणुसकीचं सांगायला गेलं की ते मान हलवतात आणि घड्याळ बघतात. आकडा सांगितला की लक्ष देतात. मी मोबाइल हातातच ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

“प्रधानसाहेब, तुमचा मृत्युदर मी कसा काढणार आहे, हे तुम्हाला सांगायचं राहिलं.”

“म्हणजे?”

“आजारपणामुळे तुम्ही ज्यांना घरी पाठवलंत ते सगळे माझ्या हिशेबात तुमचेच. घरी गेल्यावर वर्षभरात गेले तर तो मृत्यू तुमच्या कॅम्पात धरणार. दापोलीत मरोत, नेपाळात मरोत, विमानात मरोत.”

“असं कसं? असं कोणी करत नाही!”

“इंग्लंडमध्ये शंभर वर्षांपूर्वीपासून करतात. आमच्या बॉसच्या भिंतीवर लावलंय.”

मी पुढे म्हटलं, “म्हणजे अन्वरभाई उद्या विमानात बसले आणि गेले, तर तुमचं शून्य गेलं. आज हॉस्पिटलमध्ये गेले आणि वाचले, तर ते कुठल्याच मृत्यूत मोजले जाणार नाहीत.”

त्यांच्या चेहऱ्यावर हिशेब चाललेला स्पष्ट दिसत होता. एका पारड्यात माणूस होता आणि दुसऱ्यात फलक. मी नीट पाहिलं. माणसाचं पारडं हललंसुद्धा नाही. फलकाचं हललं.

“मग त्यांना वाचवलेलंच बरं,” प्रधान म्हणाले, आणि ॲम्ब्युलन्सला स्वतः फोन लावला. गेटवरही स्वतःच ओरडले. एवढी तत्परता मी कुठल्या नातेवाइकातही पाहिली नाही.

राहिले अन्वरभाई. ते कॉटवरून उठून बॅग उचलायला निघाले होते. सिस्टरांनी त्यांना दोन्ही खांदे धरून बसवलं.

“चाचा, हा गॅस नाही. हृदयाचा झटका आहे. विमानात वर गेल्यावर काही झालं तर मी नाही तिथं, कोणीच नाही.”

“मरायचाच असेल तर घरी जाऊन मरू दे ना मना. माझे तिन्ही पोरगे मी इथे असताना झाले. एकाचाही पहिला रडणं ऐकला नाय. निदान मरताना तरी घरात असू दे.”

त्यांचं बोलणं ऐकून मला माझ्या रिपोर्टमधला तो रिकामा चौकोन आठवला, जन्मदराचा. प्रधान म्हणतात शून्य. जन्म झाले होते की, प्रत्येक रजेनंतर, दापोलीत. कॅम्पचा जन्मदर दापोलीत, आणि प्रधानांच्या कृपेने मृत्युदरही दापोलीतच. इथे फक्त मधलं आयुष्य, तेही शिफ्टमध्ये.

“घरी पोचणारच नाही तुम्ही,” सिस्टर म्हणाल्या. “पोचेल ती पेटी. ती बघायला बोलवायचंय का पोरांना?”

अन्वरभाईंनी बॅग कॉटखाली सरकवली आणि ते आडवे झाले. डोळे मिटून म्हणाले, “रजा कॅन्सल नका करू हा, प्रधानसाब.”

ॲम्ब्युलन्स आली. सिस्टर त्यांच्याबरोबर गेल्या. सरकारी हॉस्पिटलमध्ये त्याच दिवशी त्यांच्या हृदयाच्या नळीतला अडथळा काढून आत स्टेंट टाकला. तिथल्या डॉक्टरांनी सिस्टरांना विचारलं, इतका उशीर का केला? सिस्टरांनी काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता माझ्यापुढे वेगळीच अडचण होती. वर्षभराच्या हिशेबाचा तो नियम मी मार्टिनला न विचारताच लावला होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले तेव्हा प्रधानांचा फोन माझ्याआधी पोचला होता.

“अश्विनी, क्लायंटने कॅम्पमधला मृत्युदर मागितलाय,” मार्टिन म्हणाला. “कॅम्पमधला. तू त्यांच्या मागे भारतात आणि नेपाळात कुठे जातेस?”

“तू सांगतोस ना, मृत्यूला घरचा पत्ता असतो.”

“बरोबर! मग त्यांचं घर भारतात आहे. नियमाने तो मृत्यू भारताचाच.”

हे मात्र मला अपेक्षित नव्हतं. आपली गोष्ट आपल्यावर उलटणार असं दिसलं की मार्टिन फार हुशार होतो.

“तो माणूस वर्षातले अकरा महिने कुठे राहतो?” मी विचारलं. “झोपतो कुठे? जेवतो कुठे? आजारी कुठे पडला? तुझ्या गावात लंडनचे लोक आजार बरोबर घेऊन यायचे. इथे लोक आजार बरोबर घेऊन जातात. तुमच्या लोकांना दुसऱ्याचे मृत्यू वजा करून हवे होते. मी फक्त आपले मिळवतेय. वजाबाकी असते तेव्हा नियम असतो आणि बेरीज आली की तो टेक्निकल मुद्दा होतो का?”

मार्टिनचा चेहरा लाल झाला. इंग्रज माणसाचा राग आधी कानांवर येतो. मग तो म्हणाला, “फोन करून बघ. पण किती लोक सापडतात ते आधी बघ. निम्मे सापडले नाहीत तर हा विषय बंद.”

त्याला वाटलं, सापडणार नाहीत. मलाही तीच भीती होती. आजारपणात घरी पाठवलेल्यांची नावं सिस्टरांच्या रजिस्टरात होती, नंबर नव्हते. पण कामगार कंपनीचा नंबर विसरतो, एकमेकांचे नाही. कॅम्पातल्या कोणाकडे तरी गाववाल्याचा नंबर असायचाच. सुनीता सिस्टर आणि मी क्लिनिकमध्ये बसून फोन लावायचो. मराठी आणि हिंदी आम्ही बोलायचो. बाकी भाषांना कॅम्पातलेच कोणी तरी हौसेने यायचे.

काही फोन आनंदाचे होते. एकाने गावात किराणा दुकान टाकलं होतं आणि मलाच डाळीचा भाव सांगायला लागला. एकाचं मूत्रपिंडाचं दुखणं आटोक्यात होतं. पण काही फोन तसे नव्हते. मंडणगडकडच्या एका बाईंनी उचलला.

“ते नाहीत,” त्या म्हणाल्या.

“कधी भेटतील?”

“आले त्याच महिन्यात गेले. तुम्ही कुठून बोलता?”

मी कंपनीचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, “कंपनीचा माणूस पहिल्यांदाच विचारतोय. काय हवंय तुम्हाला?”

मला काय हवं होतं? हजारी दर. मी त्यांना काहीच धड सांगू शकले नाही. “फक्त नोंद करायची होती,” एवढं म्हटलं. त्या म्हणाल्या, “करा. नाव नीट लिहा.” आणि एकेक अक्षर सांगून नाव लिहून घ्यायला लावलं. माझ्या कामात नाव लागत नाही, फक्त संख्या लागते. तरी मी लिहिलं.

निम्म्याहून बरेच जास्त लोक सापडले. मार्टिनने आकडा बघितला आणि कॉफी न पिताच कप खाली ठेवला. तो आकडा मी इथे देत नाही. शून्य नव्हता, आणि तरुण, निवडून आणलेल्या माणसांसाठी तो बराच मोठा होता. मार्टिन एवढंच म्हणाला, “ठीक आहे. पण मालकाला तू सांगायचंस.”

मालकांना सगळे बू फहद म्हणत, म्हणजे फहदचे वडील. मीटिंग ठेवली त्यांच्या खैरानच्या शालेत, म्हणजे समुद्रावरच्या सुट्टीच्या बंगल्यात. पाण्यावर बोटी, समोर खजुराच्या ताटल्या, वेलची घातलेली कडवट अरबी कॉफी, काहवा. मृत्युदरासाठी इतकी सुंदर जागा मी पाहिली नव्हती. प्रधान आधीच येऊन बसले होते आणि त्यांनी स्वतःची स्लाइड तयार करून आणली होती. त्यात आमचा आकडा नव्हताच. क्रिकेट ग्राउंडचा फोटो होता, पाइप हलवून काढलेला.

मी माझं सांगितलं. लांबण लावली नाही. इतक्यांना आजारपणात पाठवलं, त्यातले इतके वर्षभरात गेले.

प्रधान लगेच पुढे सरसावले. “सर, हे सगळे एक्झिट झालेले आहेत. टेक्निकली ते आपले नव्हते.”

बू फहदांनी काहव्याची छोटी वाटी हलवून पुरे अशी खूण केली. वयस्कर माणूस, सावकाश बोलणारा. “पाठवले तेव्हा आजारी होते?”

“हो, सर.”

“आपल्याकडे आजारी पडले?”

“हो, पण सर...”

“मग आपलेच मेले.”

मला वाटलं, चला, एका माणसाने तरी सरळ वाचलं. मार्टिनने माझ्याकडे बघून भुवई वर केली. तेवढ्यात बू फहद माझ्याकडे वळून फार अदबीने म्हणाले, “बाई, खरं आहे ते छापा. काही खोडू नका.” थोडं थांबून पुढे म्हणाले, “फक्त पान शेवटचं ठेवा.”

आम्ही पान शेवटचं ठेवलं. मार्टिनने एवढी तडजोड केली आणि मी तेवढी होऊ दिली. बदल्यात एक अट मी शिफारशींमध्ये पहिल्या पानावर टाकली: आजारी माणसाला घरी पाठवायचं तर आधी सरकारी हॉस्पिटलच्या डॉक्टरने प्रवासाला हरकत नाही असं लिहून द्यायचं. कॅम्पातल्या नर्सने नाही. बू फहदांनी ती मान्य केली. सुनीता सिस्टरांचा एवढा ताण गेला.

आता वाचकांना वाटेल, ग्रुपचं काम गेलं असणार. नाही. परदेशी कंपनीने शेवटचं पान वाचलं. ते लोक नेमकं शेवटचंच पान वाचतात. त्यांनी कळवलं की घरी परतलेल्यांचे मृत्यू स्वतःहून मोजणारा असा ग्रुप त्यांनी या भागात अजून पाहिला नव्हता. हा पारदर्शकपणा त्यांना फार आवडला. काम ग्रुपलाच मिळालं. पारदर्शकपणाबद्दल प्रधानांचा सत्कार झाला आणि त्यांना बढती मिळाली. फोटोत त्यांच्या हातात काचेचं स्मृतिचिन्ह आहे. काच पारदर्शक होती.

अन्वरभाईंना बरं झाल्यावर स्टोअरमध्ये बसायचं काम दिलं. मी पुढे एकदा कॅम्पात गेले तेव्हा भेटले. तब्येत चांगली होती, मूड नव्हता. “बाई, तुमच्यामुळे माझी रजा गेली. बरा झालास तर रजा कशाला, म्हणाले.” मी प्रधानांना फोन केला आणि सांगितलं की कामगारांना किती रजा मिळते याचाही आम्ही आता एक दर काढणार आहोत. असा कुठलाही दर आम्ही काढत नाही. पण अन्वरभाई त्याच आठवड्यात दापोलीला गेले, चालत विमानात चढून, आणि महिनाभर राहून आले.

पुढच्या वर्षीच्या रिपोर्टचं काम ग्रुपने आम्हाला दिलं नाही. दुसऱ्या एका कन्सल्टन्सीला दिलं. तिचे दर कमी आहेत म्हणतात, दोन्ही अर्थांनी.

नव्या मुला-मुलींना मी या धंद्यातलं एवढंच शिकवते. मृत्युदर कमी करायचे दोन मार्ग आहेत. माणसांना जगवा, नाहीतर मरायला दुसरीकडे पाठवा. दुसरा मार्ग स्वस्त पडतो, म्हणून जग तो आधी निवडतं. तो महाग पडेल अशी मृत्युदराची व्याख्या लिहायची, बाकी आपल्या हातात फारसं काही नसतं.